पाचगणीच्या हॉस्टेलमधला फ्रेडी

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगला आमच्या बँडला स्टेज मिळालं ते संध्याकाळी सव्वासहाला. सव्वासहा म्हणजे कधी, तर मांडववाले शेवटच्या खुर्च्या लावत असतात, साऊंडवाला हॅलो हॅलो माइक टेस्टिंग करत असतो आणि अख्खं पब्लिक मेसमध्ये चहा पीत असतं. पब्लिक येणार होतं साडेआठला, बाहेरून बोलावलेल्या मेन बँडसाठी. आम्ही दोन महिने घासून चार गाणी बसवली होती. दोन झाली आणि खालून कोणीतरी 'आवरा' अशी हाताने खूण केली. समोर मोजून अकरा जण. त्यात चार आमच्याच विंगमधले, एक वॉचमनकाका आणि दोघं खुर्च्या लावणारे!

रूमवर आलो, गिटार कॉटखाली ढकलली आणि जाहीर करून टाकलं, की बास, आता फक्त सबमिशन्स आणि प्लेसमेंट. रूम पार्टनर काही बोलला नाही. त्याने लॅपटॉपवर १९८५ च्या 'लाइव्ह एड'चा व्हिडिओ लावला. पांढरा बनियन घातलेला एक मिशीवाला माणूस, हातात माइकचा अर्धाच दांडा, आणि समोर ७२ हजार लोक त्याच्या एका इशाऱ्यावर टाळ्या वाजवतायत. मी म्हटलं, माहितीये रे, क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी, सिनेमा पाहिलाय. त्यावर पार्टनर एवढंच म्हणाला की हा माणूस आठ वर्षं पाचगणीला हॉस्टेलला होता, आणि याने पण सव्वासहाचा स्लॉट वाजवलाय.

माझा विश्वास बसेना. शाळेच्या ट्रिपला मी पाचगणीला दोनदा गेलोय. टेबललँडवर घोड्यावर बसलो, स्ट्रॉबेरी क्रीम खाल्लं, मॅप्रोच्या गोळ्या घरी आणल्या. कोणी एका शब्दाने फ्रेडीचं नाव काढलं नव्हतं. मग जे मिळेल ते वाचत आणि ऐकत सुटलो. सबमिशन्स राहिलीच! त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, मराठी निबंधाचा शेवटचा संबंध दहावीत, तेव्हा र्‍हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने आणि वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तर फ्रेडीचं खरं नाव फारूख बुलसारा. घर पारशी. बुलसारा हे आडनाव गुजरातमधल्या बुलसार म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. वडील बोमी बुलसारा झांझिबारला ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते, आईचं नाव जेर. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या त्या बेटावर, स्टोन टाउनमध्ये, ५ सप्टेंबर १९४६ ला फारूखचा जन्म झाला. पुढे धाकटी बहीण झाली, कश्मिरा. मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून आईवडिलांनी आठ वर्षांच्या पोराला समुद्रापार पाठवलं. बोटीने मुंबई, तिथून पुढे घाट चढून पाचगणी. शाळा, सेंट पीटर्स.

आता आपण हॉस्टेलवाले जरा विचार करू. आपल्याला अठराव्या वर्षी घरची आठवण येते तर आपण शुक्रवारी रात्रीची एस.टी. पकडून सोमवारी सकाळी परत येतो. याचं घर साडेचार हजार किलोमीटरहून लांब, मध्ये अरबी समुद्र, मोबाइल सोडाच, साधा फोन लावणं दुरापास्त. छोट्या सुट्ट्यांमध्ये इतर मुलं घरी जायची तेव्हा हा मुंबईला मावशीकडे आणि आजीकडे जायचा. पुढे मोठेपणी त्याच्या अवतीभवती कायम माणसांचा गराडा लागायचा, रिकामं घर त्याला सहन व्हायचं नाही. त्याचं मूळ पाचगणीच्या त्या डॉर्मिटरीत असावं असं मला आपलं वाटतं.

शाळेत तो टेबल टेनिसचा चॅम्पियन होता, बॉक्सिंगही करायचा. दातांमुळे मुलं चिडवायची. त्याला वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. हसताना ओठाने किंवा हाताने दात झाकायची सवय त्याला जन्मभर राहिली. फारूखचा फ्रेडी झाला तो इथेच, आणि पियानोही तो इथेच शिकला. रेडिओवर एखादं गाणं एकदा ऐकलं की पियानोवर बसून तसंच्या तसं वाजवायचा म्हणे.

१९५८ च्या सुमाराला पाच मुलांनी मिळून शाळेत बँड काढला, द हेक्टिक्स. शाळेच्या कार्यक्रमांत ते क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड अशांची गाणी वाजवायचे. गंमत म्हणजे या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हताच! तो मागे बसून पियानो वाजवायचा. म्हणजे जगातला सगळ्यात भारी फ्रंटमन ज्याला म्हणतात, त्याच्या पहिल्या बँडमध्ये तो फ्रंटला नव्हता. अजून एक हिशोब मी केला. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा हा पोरगा पाचगणीतच होता.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परत गेला. पुढच्याच जानेवारीत, १९६४ ला, तिथे क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली, हजारो माणसं मारली गेली, अरब आणि भारतीय कुटुंबांना जीव मुठीत धरून पळावं लागलं. बुलसारा कुटुंब हाताला लागेल ते सामान घेऊन इंग्लंडला आलं, लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ फेल्टहॅमला. सतरा वर्षांचा फ्रेडी. तिसरा देश, तिसरी सुरुवात.

तिथे त्याने ईलिंगच्या आर्ट कॉलेजमध्ये ग्राफिक डिझाइन केलं, डिप्लोमा मिळाला १९६९ ला. अधूनमधून हीथ्रोवर सामान उचलायचं कामही केलं. पण याच काळात तो एका गोष्टीत पार बुडाला होता, ती म्हणजे जिमी हेंड्रिक्स. हेंड्रिक्सचे शो तो पुन्हा पुन्हा बघायचा. हेंड्रिक्सची चित्रं काढायचा, खोलीच्या भिंतींवर लावायचा. आपल्या विंगमध्ये अशी मुलं आहेत, नावं घेत नाही! मला हा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण स्टेजवर चढायच्या आधी हा माणूस अनेक वर्षं खाली गर्दीत उभा होता. लांबून आवाज कसा येतो, आधीचे दोन बँड वाजून गेले की पाय किती दुखतात, लाइट गेल्यावर पोटात काय होतं, हे सगळं त्याने पब्लिकमधून अनुभवलं होतं.

त्याच्या कॉलेजमधल्या टिम स्टॅफेल नावाच्या मुलाचा एक बँड होता, स्माइल. गिटारवर ब्रायन मे, ड्रम्सवर रॉजर टेलर. हा स्माइल म्हणजे हाडाचा ओपनिंग बँड. १९६८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये त्यांनी पिंक फ्लॉइडच्या आधी वाजवलं होतं. फ्रेडी त्यांचा फॅन झाला. नुसता फॅन नाही, आगाऊ फॅन. शोला जायचं आणि नंतर सल्ले द्यायचे, कपडे असे घाला, स्टेजवर असे उभे राहा, पब्लिककडे बघा जरा. स्वतः तो तेव्हा आयबेक्स आणि सावर मिल्क सी अशा छोट्या बँड्समध्ये गाऊन बघत होता, पण एकही टिकला नाही. त्याच दिवसांत एकदा गाताना माइकच्या स्टँडचा खालचा भाग निसटला आणि त्याने अर्धा दांडा हातात धरून गाणं पूर्ण केलं, असं सांगतात. तो अर्धा दांडा मग कायमचा त्याच्या हातात राहिला. आपल्याकडे स्टेजवर असं काही तुटलं की आधी कोणाच्या डिपॉझिटमधून कापायचं यावर मीटिंग होते.

१९७० मध्ये टिम स्टॅफेलने स्माइल सोडला आणि फ्रेडी आत आला. बँडचं नाव त्यानेच ठरवलं, क्वीन. आडनावही बदललं, बुलसाराचा मर्क्युरी झाला. पोटापाण्यासाठी तो आणि रॉजर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा स्टॉल चालवायचे. १९७१ ला बेसवर जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. बँडचा लोगोही फ्रेडीचाच. चौघांच्या राशी घेतल्या, दोन सिंह, एक खेकडा, कन्या राशीसाठी दोन पऱ्या, आणि वर पंख पसरलेला फिनिक्स. डिप्लोमा वाया गेला नाही!

इथे आपल्या कॉलेजसाठी खास माहिती. जॉन डीकन हा इलेक्ट्रॉनिक्सवाला, तोही फर्स्ट क्लास ऑनर्स. रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीत त्याला एक सर्किट बोर्ड सापडला, त्यापासून त्याने बॅटरीवर चालणारा छोटा अँप्लिफायर बनवला. क्वीनच्या रेकॉर्ड्समध्ये जिथे गिटार ऐकून व्हायोलिन किंवा ट्रम्पेट असल्यासारखं वाटतं, तिथे बऱ्याचदा हा कचऱ्यातला अँप आहे. ब्रायन मे फिजिक्सवाला. त्याची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवली, लाकूड जुन्या फायरप्लेसचं, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या. बँडमुळे अर्धवट राहिलेली खगोलशास्त्रातली पीएचडी त्याने २००७ मध्ये पूर्ण केली. रॉजर आधी डेंटिस्ट व्हायला निघालेला, मग बायॉलॉजीचा पदवीधर. तेव्हा बँडमुळे केटी लागली हे कारण घरी चालणार नाही, माझं चाललं नाही.

पहिला अल्बम जुलै १९७३ ला आला. खपला नाही. आणि मग आला त्यांचा सव्वासहाचा स्लॉट. त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मॉट द हूपल या तेव्हाच्या नावाजलेल्या बँडने इंग्लंडचा दौरा काढला आणि त्यांच्याआधी वाजवायला क्वीनला घेतलं. ओपनिंग बँडचं आयुष्य काय असतं ते आम्हाला एका संध्याकाळीच कळलंय. स्टेजवर मेन बँडचे ड्रम्स आधीच मांडलेले, तुम्ही त्यांच्या पुढच्या पट्टीत अंग चोरून उभं राहायचं. साऊंडचेकला वेळ उरला तर तुमचा. लाइट थोडे, वेळ अर्धा तास, आणि समोरचे लोक दुसऱ्याच कोणाचं तिकीट काढून आलेले. ते तुमच्यावर रागावलेले नसतात, त्यांना तुम्ही दिसतच नाही.

आणि फ्रेडी काय करायचा? तो ते दुसऱ्याचं पब्लिक आहे असं मानायचाच नाही. शो आपलाच आहे अशा थाटात यायचा. नखांना काळं नेलपॉलिश, अंगात डिझायनरकडून शिवून घेतलेला झगा, आणि खाली पन्नास लोक असोत की पाच हजार, शेवटच्या रांगेकडे बघून गायचा. दौऱ्याच्या शेवटापर्यंत बरेच लोक वेळेआधी येऊन बसायला लागले होते, या दुसऱ्या बँडसाठी. १९७४ च्या वसंतात मॉट द हूपलने त्यांना अमेरिकेलाही नेलं. पण मे महिन्यात, न्यूयॉर्कचे शो झाल्यावर ब्रायन काविळीने आडवा झाला आणि क्वीनला अर्ध्यातून परत यावं लागलं. एवढी मिळालेली संधी गेली! दुसरं कोणी असतं तर तिथेच भांडून बँड फुटला असता. यांनी उरलेल्या वर्षात नवा अल्बम काढला, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेला गेले ते मेन बँड म्हणून. त्याही दौऱ्यात फ्रेडीच्या घशात गाठी आल्या आणि काही शो रद्द झाले. थोडक्यात काय, सगळं सुरळीत कधीच नव्हतं.

१९७५ च्या ऑक्टोबरअखेर 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' आलं. ५ मिनिटं ५५ सेकंद लांबीचं, ज्याला नीट कोरस नाही, मध्ये चक्क ऑपेरा. रेडिओवाले एवढं लांब वाजवणार नाहीत असं सगळे जाणकार सांगत होते. इंग्लंडमध्ये ते सलग ९ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. तेव्हा आजच्यासारखं सॉफ्टवेअर नव्हतं. २४ ट्रॅकच्या टेपवर तिघांचे आवाज थरावर थर चढवून रेकॉर्ड केले, इतक्या वेळा की टेप झिजून आरपार दिसायला लागली असं म्हणतात.

पुढच्या वर्षी त्यांनी लंडनच्या हाइड पार्कमध्ये फुकट शो ठेवला. अंदाजे दीड लाख लोक गवतावर. आधी सुपरचार्ज, स्टीव्ह हिलेज आणि किकी डी वाजवून गेले, मग क्वीन. वेळ संपल्यावर पोलिसांनी पुन्हा स्टेजवर जाऊ दिलं नाही, म्हणजे 'आवरा'ची खूण त्यांनाही झालीच. त्या दिवशीची तारीख होती १८ सप्टेंबर १९७६. जिमी हेंड्रिक्स गेला तो १८ सप्टेंबर १९७०. गर्दीत उभं राहून ज्याला बघितलं, त्याच्या सहाव्या स्मृतिदिनाला हा आता दीड लाखांपुढे उभा होता.

गर्दीकडे त्यांचं लक्ष कसं होतं बघा. १९७७ ला स्टॅफर्डला शो संपल्यावर लोक जाईनात, त्यांनीच बँडसाठी गायला सुरुवात केली. त्यावरून ब्रायनने 'वी विल रॉक यू' लिहिलं आणि फ्रेडीने 'वी आर द चॅम्पियन्स'. पाय, पाय, टाळी हा ठेका आपण इंटरकॉलेज क्रिकेटला बाकांवर वाजवतो. तो रेकॉर्ड करताना जुन्या चर्चमध्ये असलेल्या स्टुडिओत फळ्यांवर पाय आपटले आणि ब्रायनने त्याचे प्रतिध्वनी मूळ संख्यांच्या प्रमाणात मागे-पुढे ठेवले, म्हणजे थोडीच माणसं हजारोंसारखी ऐकू येतील आणि एको वाटणार नाही. एम-१ मध्ये हे शिकवलं असतं तर माझे मार्क वाढले असते.

मग १९८१ ला ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या मोरुंबी स्टेडियममध्ये एका रात्री १ लाख ३१ हजार लोक. इंग्रजी न येणारे लोक शब्दन्‌शब्द गातायत आणि फ्रेडी गप्प उभा राहून ऐकतोय.

पण मी फॅन असलो तरी एक गोष्ट लपवणार नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला शो केले. तेव्हा तिथे वर्णभेद होता, जगभरच्या कलाकारांनी तिथे जायचं नाही असं ठरलेलं होतं. हे गेले. संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव आलं, टीका झाली, आणि ती योग्यच होती. ज्याला स्वतःला रंगावरून आणि नावावरून काय वाटतं ते माहीत असणार, त्याने तिथे गाणं मला आजही पचत नाही. आपल्या मुळांबद्दल, पाचगणी-झांझिबारबद्दल, तो फारसं बोलतही नसे. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये पाकी म्हणून शिव्या पडण्याचे ते दिवस होते, हेही खरं.

१३ जुलै १९८५. वेम्बली स्टेडियम, लाइव्ह एड. इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी दिवसभर चाललेला शो. हे पब्लिकही क्वीनचं नव्हतं, सगळ्यांसाठी मिळून आलेलं होतं. प्रत्येकाला साधारण वीसच मिनिटं. म्हणजे परत ओपनिंग बँडचाच स्लॉट, आणि बाहेर अजून उजेड होता! पण अर्ध्या तासात स्वतःला सिद्ध करायचं शिक्षण त्यांनी १९७३ लाच घेतलं होतं. तालमी करून, घड्याळ लावून, सहा गाणी बसवली आणि २१ मिनिटांत दिवस खिशात घातला. सिनेमात दाखवलंय की बँड फुटलेला होता आणि फ्रेडीला आजार कळलेला होता. ते खरं नाही. मे महिन्यापर्यंत ते दौऱ्यावरच होते, आणि आजाराचं निदान झालं १९८७ ला.

पुढच्या वर्षीचा दौरा शेवटचा. जुलै १९८६ मध्ये वेम्बलीला दोन रात्री. त्यांच्याआधी वाजवणाऱ्यांत इनएक्सेस हा ऑस्ट्रेलियाचा बँड होता. बरोबर पाच वर्षांनी, १३ जुलै १९९१ ला, तोच इनएक्सेस तेच वेम्बली स्वतःच्या नावावर भरून वाजवत होता. बुडापेस्टला फ्रेडीने हंगेरियन लोकगीत गायलं, तळहातावर शब्द लिहून. आपण व्हायव्हाला लिहितो तसं! ९ ऑगस्टला नेबवर्थला एक लाखाच्या वर लोक. बेलुइस सम, बिग कंट्री, स्टेटस को वाजवून गेले, मग क्वीन. तो फ्रेडीचा क्वीनबरोबरचा शेवटचा शो ठरला. तिथल्या कोणालाही ते माहीत नव्हतं.

त्याच्या खाजगी आयुष्याबद्दल थोडंच लिहितो. मेरी ऑस्टिन त्याच्याबरोबर सहा वर्षं राहिली. नंतर आपला ओढा पुरुषांकडे आहे हे त्याने तिला सांगितलं, तरी मैत्री शेवटपर्यंत टिकली. शेवटची वर्षं जिम हटन त्याचा जोडीदार होता. एड्सवर तेव्हा धड औषध नव्हतं. पेपरवाले दाराबाहेर बसलेले. तो मात्र स्टुडिओत जात राहिला. उभं राहवत नसताना गायला. मे १९९१ मध्ये शेवटच्या व्हिडिओत तो इतका खंगलेला दिसतो की बघवत नाही. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी गेला. वय ४५. अंत्यसंस्कार पारशी पद्धतीने झाले. जगासाठी मर्क्युरी झालेला मुलगा जाताना बुलसारांचा फारूख होऊन गेला.

२० एप्रिल १९९२ ला वेम्बलीवर त्याच्यासाठी शो झाला. मेटॅलिका, एक्स्ट्रीम, डेफ लेपर्ड, सगळे आधी वाजवून गेले, ७२ हजार लोक होते, आणि ज्याच्यासाठी आले तो नव्हता. त्यातून एड्ससाठी काम करणारा ट्रस्ट उभा राहिला. आजही आपल्या हॉस्टेलवर या आजाराचं किंवा वेगळ्या मुलाचं नाव निघालं की पोरं आधी हसतात. मीही हसायचो. हे सगळं वाचल्यापासून जमत नाही.

फ्रेडी भारतात परत कधी शो करायला आला नाही. पण पुढच्या वेळी पाचगणीला गेलो की घोड्यावर बसण्याआधी सेंट पीटर्सच्या गेटसमोर दोन मिनिटं उभा राहणार आहे. घरापासून हजारो किलोमीटरवर, दात झाकून हसणारा आणि बँडमध्ये मागे बसून पियानो वाजवणारा एक हॉस्टेलाइट तिथे होता म्हणून.

आणि हो, गिटार कॉटखालून बाहेर काढलीये. यंदाच्या गॅदरिंगलाही आम्हाला सव्वासहाचाच स्लॉट मिळालाय. या वेळी गाणी चारच आहेत, पण शेवटच्या रांगेकडे बघून गाणार आहोत, तिथे खुर्च्या लागल्या असोत वा नसोत. चहा जरा लवकर प्या, आणि या.